बायपास ठरली? मग 'किती ब्लॉक' सोडून हे पण विचारा

आमच्या बेळगावात कुणाची बायपास झाली की पहिला प्रश्न "किती ब्लॉक होते ओ?" आणि दुसरा "खर्च किती आला?", कुठली नळी कुठं जोडली हे कोणच विचारत नाही. दहा वर्षांनी ती बायपास चालणार का बंद पडणार ते बरंचसं त्याच्यावरच असतंय बगा.

बायपास म्हणजे ब्लॉक टाळून रक्त जावं म्हणून आपल्याच अंगातली दुसरी नळी काढून हृदयाला जोडायची. त्यातली पायातली शीर काढायला सोपी, लांब पण मिळते, पण धमनीचं प्रेशर सोसायची तिला सवय नसते, मग आतनं जाड होत जाते आणि 10 वर्षांत जवळपास निम्म्या बंद नाहीतर खराब होतात. छातीत आतल्या बाजूला डावीकडं एक धमनी असते, डॉक्टर लोक लिमा म्हणतात, ती हृदयाच्या पुढच्या मोठ्या रगेला, म्हणजे एलएडीला जोडली तर 10 वर्षांनी पण 10 मधल्या साधारण 9 चालू असतात. म्हणून आधी एवढंच विचारा, "लिमा एलएडीलाच ना?" बहुतेक ठिकाणी लावतातच, तरी विचारा.

मग राहिलेल्या ब्लॉकांना काय? इथं मनगटातली रेडियल धमनी येते. 2018 ला 6 ट्रायल, म्हणजे पेशंटवर केलेले तुलनेचे अभ्यास, एकत्र करून बघितल्या, त्यात पायाच्या शिरेपेक्षा रेडियलवाल्यांना अटॅक कमी आले आणि परत अँजिओप्लास्टी नाहीतर बायपास करायची वेळ पण कमी आली. पण ब्लॉक चांगला मोठा पाहिजे, 70 टक्क्याच्या वर, उजवीकडच्या रगेला तर 90, नाहीतर जुन्या वाटेनंच रक्त जात राहतं आणि नवी धमनी आकसते. आणि अँजिओ ज्या मनगटातनं झाली तिथली सहसा घेत नाहीत. निपाणीच्या आमच्या मामांची अँजिओ डाव्या हातातनं केली, घरात कुणालाच हे माहीत नव्हतं, शेवटी पायाचीच शीर लावावी लागली. तेव्हा अँजिओच्या आधीच सांगा, डावा हात राखून ठेवा म्हणून (डावखुरे असाल तर उजवा). किडनीचा त्रास असेल तर ते पण सांगा, पुढं डायलिसिसला तीच धमनी लागू शकते.

नेटवर वाचून "छातीतल्या दोन्ही धमन्या लावा" असा हट्ट मात्र धरू नका. 2019 ला आलेल्या मोठ्या ट्रायलमध्ये, 3 हजारावर पेशंट होते, एक का दोन यानं 10 वर्षांच्या मृत्यूंत ठळक फरक दिसला नाही, आणि दोन काढल्या की छातीची जखम चिघळायचं प्रमाण जास्त, त्यात शुगर आणि वजन असेल तर आणखीनच. ज्याचा हात यात बसलाय असा सर्जन असेल तर गोष्ट वेगळी.

फॉर्म कन्नड नाहीतर इंग्लिशमध्ये असतो, सहीच्या आधी मराठीत समजावून घ्या, लाजू नका. डिस्चार्ज समरीत 'लिमा टू एलएडी' वगैरे लिहिलेलं असतं, त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, पुढं कोल्हापूरला नाहीतर मिरजेला दाखवायची वेळ आली तर पहिलं तेच मागतात.