उपग्रहाचा रेडिओने माग काढताना वातावरणाबाबतच्या या चुका टाळा

उपग्रह उगवला, डोक्यावरून गेला, मावळला. मोजलेल्या आणि गणिताने आलेल्या अंतरातला फरक आलेखावर मांडला, तर रेघ मध्ये सपाट आणि दोन्ही टोकांना वर गेलेली. असा वाडग्यासारखा आलेख दिसला की लगेच कक्षेचे आकडे बदलायला घेऊ नका. हे काम बहुतेकदा तपांबराचं, म्हणजे वातावरणाच्या सगळ्यात खालच्या थराचं असतं. समुद्रसपाटीवर माथ्यावरून येणारा सिग्नल सुमारे २.४ मीटर जास्त अंतर दाखवतो. उपग्रह क्षितिजापासून ५ अंशांवर असेल तर २० मीटरहून जास्त.

तपांबराची दुरुस्ती केल्यावर वाडगा उलटा पडला, तर हवेचा दाब कुठून घेतला ते तपासा. ही चूक फार चकवते. हवामान अहवालातला दाब समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो. तुमचं केंद्र १,००० मीटर उंचीवर असेल, तर तिथला खरा दाब ९०० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. तिथे १,०१३ भरलात, तर दर हेक्टोपास्कलला २.३ मिलिमीटर या हिशेबाने माथ्यावरच २६ सेंटीमीटरची चूक होते आणि १० अंशांवर ती दीड मीटरच्या घरात जाते. प्रत्येक फेरीत ती त्याच बाजूला येते, म्हणून सरासरी काढूनही जात नाही. अँटेनाच्या उंचीवर बॅरोमीटर बसवा, एवढाच उपाय.

दोन फ्रिक्वेन्सी वापरल्या की सगळं निघून जातं, हाही गैरसमज. त्याने जातो तो आयनांबराचा, म्हणजे वरच्या विद्युतभारित थराचा भाग. तपांबर दोन्ही फ्रिक्वेन्सींना सारखाच उशीर करतं, त्याची दुरुस्ती वेगळीच करावी लागते.

आयनांबराचा परिणाम फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ज्या दुपारी २.२ गिगाहर्ट्झवर ४ मीटरचा फरक पडतो, त्याच दुपारी १३७ मेगाहर्ट्झवर तो किलोमीटरभर होतो. त्यामुळे एका बँडची दुरुस्ती दुसऱ्याला लावू नका. जाणारा आणि येणारा सिग्नल वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर असेल तर दोन्हींचा हिशेब वेगवेगळा करा. आणि अधिक-उणे चिन्ह जपा! आयनांबरात कोड (सिग्नलवर चढवलेली अंकांची खूण) मागे पडतो, पण फेज (मूळ लहरीची स्थिती) तेवढीच पुढे जाते. चिन्ह उलटं पडलं तर चूक दुप्पट होते.

अरुंद झोताच्या अँटेनाने क्षितिजाजवळ नेम धरताना वक्रीभवन, म्हणजे हवेत सिग्नलचं वाकणं, धरा: १० अंशांवर साधारण ०.१ अंश, खाली आणखी जास्त.

चुंबकीय विषुववृत्ताच्या पट्ट्यात सूर्यास्तानंतर सिग्नल झपाट्याने वरखाली होऊ लागला, तर केबल उपसण्याआधी घड्याळ बघा. आयनांबरातली ही चलबिचल मध्यरात्रीनंतर बहुधा ओसरते.