अमेरिकन एका सेंटची नाणी: संग्रहाची सुरुवात कशी करावी

अमेरिकेला शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुलांच्या खिशातून आलेली सुटी नाणी कोल्हापुरातल्या अनेक घरांत डब्याच्या तळाशी पडून असतात. त्यांतल्या एका सेंटपासूनच संग्रहाला सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. कारण खर्च नगण्य येतो आणि धातू, वजन व टांकसाळ ओळखण्याचे सारे शिक्षण या एकाच नाण्यावर होते.

फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने १७९३ मध्ये पाडलेला सेंट तांब्याचा आणि आकाराने बराच मोठा होता. तो पाडणे परवडेनासे झाल्यावर १८५७ मध्ये लहान सेंट चलनात आला. लिंकन यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९०९ मध्ये त्यांची छबी नाण्यावर आली. शिल्पकार व्हिक्टर ब्रेनर यांची आद्याक्षरे मागील बाजूस ठळक दिसत असल्याची ओरड झाली आणि ती काही दिवसांतच काढली गेली. तोवर सॅन फ्रान्सिस्कोत तशी केवळ ४,८४,००० नाणी निघाली होती, म्हणून ती आज अत्यंत मौल्यवान आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये चलनासाठी सेंट पाडणे थांबले.

आपली नाणी प्रथम सालवार लावावीत आणि भिंगातून सालाखाली पाहावे: ‘डी’ म्हणजे डेन्व्हर, ‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्को आणि अक्षर नसल्यास बहुधा फिलाडेल्फिया. युद्धासाठी तांबे वाचवायचे असल्याने १९४३ चा सेंट जस्ताचा थर दिलेल्या पोलादाचा पाडला गेला. त्या सालाचे तांबूस नाणे दुर्मीळ म्हणून कोणी दाखवले, तर आधी लोहचुंबक लावावे. चिकटले तर ते वरून तांब्याचा मुलामा दिलेले पोलादच आहे. १९८२ सालचे नाणे गुजरीतल्या ओळखीच्या सराफाच्या काट्यावर तोलून घ्यावे, कारण त्या एकाच वर्षी ३.११ ग्रॅमचे तांबेप्रधान आणि २.५ ग्रॅमचे तांब्याचा मुलामा दिलेले जस्ताचे असे दोन्ही प्रकार निघाले.

तांब्याची भांडी चिंचेने लख्ख करण्याची आपल्या घरांतली सवय मात्र नाण्यांपासून कटाक्षाने दूर ठेवावी. जुनी तपकिरी झळाळी एकदा गेली की ती परत आणता येत नाही, आणि जाणकार घासलेले नाणे लगेच ओळखतात. नाणे नेहमी कडेने धरावे. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांमुळे त्यावर हिरवट चिकट थर चढतो, म्हणून पॉलिएस्टरची पाकिटे घ्यावीत आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या अधूनमधून बदलत राहाव्यात.