सारखे ऐकू येणारे इंग्रजी शब्द: आधी कूळ, मग स्पेलिंग

ब्रिटनमध्ये नोकरीला निघालेल्या नर्सना मी देवळालीत इंग्रजी शिकवते. मुलींचं व्याकरण बहुधा पक्कं असतं, अडतं ते सारख्या उच्चाराच्या शब्दांपाशी. शाळेत अशा जोड्या घोकून घेतात आणि परीक्षा संपली की त्या डोक्यातून जातात. शब्द कुठून आला हे कळलं की तो सहसा विसरत नाही, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

जरा मोठा शब्दकोश घ्या. चांगल्या कोशात प्रत्येक नोंदीला शब्दाचा उगम दिलेला असतो, जो आपण वाचतच नाही. तो वाचा. वहीत एका उच्चाराला एक अख्खं पान द्या, कारण प्रकरण दोन शब्दांवर थांबेलच असं नाही.

माझ्याकडे ‘बेअर’चं पान सगळ्यांत भरलेलं आहे. बी-ई-ए-आर म्हणजे अस्वल. त्याच स्पेलिंगचं क्रियापद म्हणजे वाहणं, सोसणं, जन्म देणं. दोघांची कुळं वेगळी. क्रियापद मात्र आपलं नातेवाईक आहे: ज्या संस्कृत ‘भृ’ धातूतून आपला ‘भार’ आला, तो धातू आणि हे क्रियापद एकाच प्राचीन मुळातून निघाले. बॉर्न, बर्थ, बर्डन ही त्याचीच भावंडं. स्कॉटलंडमध्ये आणि इंग्लंडच्या उत्तरेला लेकराला ‘बेर्न’ म्हणतात, तोही याच घरातला. ‘बार्न’ म्हणजे धान्याचं कोठार, त्याचा लेकराशी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत ते ‘सातूचं घर’ होतं. उरलं बी-ए-आर-ई, म्हणजे उघडं. लंडनची तरुण मुलं ‘बेअर पीपल’ म्हणतात तेव्हा त्यांना ‘पुष्कळ माणसं’ म्हणायचं असतं.

स्टेशनरीचं सोपं आहे. मध्ययुगात फेरीवाल्यांच्या उलट, एका जागी दुकान मांडून पुस्तकं विकणारा तो स्टेशनर. त्याचा माल ई-आर-वाय, आणि स्थिर उभं राहिलेलं ते ए-आर-वाय. ‘ए’ म्हणजे एका जागी, एवढं लक्षात ठेवा.

फ्लॉवर आणि फ्लार, म्हणजे फूल आणि पीठ, हा तर मुळात एकच शब्द. गव्हाचा सगळ्यांत निवडक भाग म्हणजे त्याचं फूल, अशी फ्रेंचमधून आलेली कल्पना. स्पेलिंगं पुढे वेगळी झाली.

कान फसवतो ते असं: ‘कुशी जॉब’ म्हणजे आरामाची नोकरी. ऐकून वाटतं, कुशनवरून आला असेल. पण कुशन फ्रेंचमधून आलं, आणि ‘कुशी’ हा ब्रिटिश सैनिकांनी हिंदुस्थानातून नेलेला ‘खुश’.

आणि ‘डूलॅली’ तर आमच्या गावाचंच नाव. देवळालीच्या छावणीत मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत राहायचे. जहाजं हंगामातच सुटायची, तोवर उकाडा, रिकामपण आणि ताप. डोक्यावर परिणाम झालेल्याला ‘डूलॅली टॅप’ म्हणू लागले. यातला टॅप नळाचा नाही आणि टिचकीचाही नाही. नळाचा टॅप जुन्या इंग्रजीतला, टिचकीचा फ्रेंचमधून आलेला, आणि हा तिसरा आपला ‘ताप’. वर्गात हे सांगते तेव्हा मुली वहीत गावाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहितात, आणि मला ते फार आवडतं.

बोलीतल्या शब्दांसाठी आणखी एक रकाना ठेवा: कुठे बोलतात, कोण बोलतं. उत्तर इंग्लंडची आजी ‘आय फील पोअर्ली’ म्हणाली तर ती गरिबीबद्दल बोलत नाही, तिला बरं वाटत नाहीये; लगेच तपासा. स्कॉटलंडमध्ये ‘पीली-वॉली’ म्हणजे चेहरा उतरलेला, फिकट. तो आपल्या ‘पिवळा’सारखा वाटतो म्हणून नातं जोडू नका, कोश उघडा.

हे शब्द समजून घ्या, पण लगेच वापरू नका. विशेषतः डूलॅली पेशंटबद्दल कधीच नाही, तो हिणवणारा शब्द आहे. पोअर्ली मात्र बिनधास्त वापरा. तिकडच्या वॉर्डात तो रोजचा आहे आणि म्हाताऱ्या माणसांना तो आपलासा वाटतो.