पंपावर बसणाऱ्यांनो, या चुका टाळा

हृदयाची ऑपरेशनं होणारी केंद्रं कोकणात थोडीच. म्हणून ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुप्फुसांचं काम करणारा पंप चालवणारे आपण पर्फ्युजनिस्टही थोडे, आणि आपलं चुकलं तर शेजारून टोकणारा कुणी नसतो.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे चार्ट मागाहून भरणं. धावपळीत एसीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, काढलेला असतो, लिहायचा राहतो. मग पंप थांबल्यावर आठवून आठवून ४८५, ५१०, ४९२ असे आकडे भरले जातात. बायपासवर, म्हणजे रक्त पंपातून फिरत असताना, तो सहसा ४८० सेकंदांच्या वर ठेवतात ना, मग सगळे आकडे त्याच्या जरासे वरच! खरा चार्ट इतका शहाण्यासारखा वागत नाही. ४३० आला, रक्त गोठू न देणारं हेपरिन वाढवलं, पुन्हा तपासला, हे वेळेसकट तसंच लिहा. राहिलंच तर मागची वेळ टाकून भरू नका. ‘नंतर नोंदवलं’ असं लिहून सही करा. रात्री आयसीयूत ड्रेनमधून रक्त थांबेना झालं की डॉक्टर हाच कागद उघडतात.

चेकलिस्टवर न बघता टिक मारणं हे त्याचंच भावंड. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कशी वागते ते सांगायला नको. एकदा मी हँड क्रँकपुढे (वीज गेली की पंप हातानं फिरवायचा दांडा) टिक मारली आणि क्रँक होता बाजूच्या खोलीतल्या कपाटात. वीज गेली नाही म्हणून निभावलं. सर्जनना सांगताना कान तापले, पण सांगितलं.

रात्रभर रखडलेल्या गाडीतून चिपळूणला उतरून थेट पंपावर बसू नका. झोप झाली नसेल तर केस सुरू होण्याआधी बोला.

ऑक्सिजनेटर, म्हणजे पंपावर रक्तात ऑक्सिजन मिसळणारं उपकरण, एकदाच वापरायचा. ‘पेशंट गरीब आहे, धुऊन घेऊ’ म्हणणाऱ्याला नाही म्हणा आणि जन आरोग्य योजनेच्या फाइलचं काय झालं ते विचारा.

संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या २०२१च्या केंद्रीय कायद्याच्या यादीत आपल्या पेशाचं नाव आहे. तरीही शिकाऊ मुलाच्या हाती पंप देऊन चहाला जाणारे आहेतच.

कंपनीचा माणूस मे महिन्यात हापूसची पेटी घेऊन येतो. घरी बाग असलेल्यालाही ती घ्यावीशी वाटते, गंमतच आहे! परत पाठवा, पुढच्या खरेदीत कोणता ऑक्सिजनेटर घ्यायचा ते तुम्हालाच विचारणार आहेत.

आणि एसटी स्टँडवर कुणी विचारेल, “आमच्या वाडीतल्या भाऊंचं ऑपरेशन तुमच्याकडेच ना? कसं झालं?” त्याला सांगायचं, “भाऊंच्या घरी विचारा हो,” आणि गाडीत चढायचं.