बागेतला हापूस ऑनलाइन विकायचाय? मग फोटोंच्या आधी हे करा

आमची बाग देवगड तालुक्यात आहे, दीडशेएक कलमं. पूर्वी सगळ्या पेट्या वाशीच्या मार्केटला जायच्या आणि दलालाची पट्टी (विक्रीचा हिशोब) येईल तेवढे पैसे घ्यायचे, गेली काही वर्षं मात्र अर्ध्याहून जास्त माल आम्ही थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाईकाला देतो. गावातली पोरं सारखी विचारतात की ऑनलाइन कसं सुरू करायचं, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतेय.

एक गोष्ट समजून घ्या. सीझनला देवगड हापूस लिहिलेली पेटी रस्त्यारस्त्यावर मिळते आणि तिच्यात कुठला आंबा असतो ते सगळ्यांना माहितीये, त्यामुळे गिऱ्हाईक आधीच फसलेलं असतं. त्याला तुमचा लोगो किती भारी आहे याच्याशी काही घेणंदेणं नसतं, त्याच्या मनात एकच प्रश्न असतो, हा माणूस खरा बागायतदार आहे का आणि आंबा खराब निघाला तर फोन उचलेल का. तुम्ही ऑनलाइन जे काही टाकाल ते या दोन प्रश्नांचं उत्तर असलं पाहिजे.

सुरुवात नावापासून करा. बागेचं एक नाव ठरवा आणि तेच नाव, तोच नंबर गुगलवर, व्हॉट्सॲपवर, इन्स्टावर, पेटीवर आणि बिलावर सगळीकडे ठेवा. आमचं आधी इन्स्टाला एक नाव होतं, पेटीवर दुसरं आणि यूपीआय केलं की भावाचं नाव यायचं, एका ताईंनी तिथेच पेमेंट थांबवून फोन केला की हे नक्की कोण? बरोबर होतं त्यांचं. मग बँकेत बागेच्या नावाने करंट अकाउंट काढलं आणि क्यूआर त्याच नावाचा घेतला.

गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गुगल सर्चवर आणि मॅपवर दिसणारी आपल्या धंद्याची नोंद, फुकट असतं, ते काढाच. नावाच्या जागी फक्त बागेचं नाव लिहा, त्यात ‘ओरिजनल बेस्ट देवगड हापूस पुणे मुंबई’ असलं काही कोंबू नका, गुगलच्या नियमात ते बसत नाही आणि प्रोफाइल बंद पडू शकतं. गिऱ्हाईक बागेवर येणार नसेल तर पत्ता लपवून तुम्ही माल कुठे कुठे पोचवता ते भाग टाकता येतात. व्हेरिफिकेशनला बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात, तेव्हा रस्ता, बागेची पाटी, पॅकिंगची जागा, छापील खोके असं सगळं एका दमात दाखवा. आणि सीझन संपला की प्रोफाइल ‘तात्पुरतं बंद’ करून ठेवा, नाहीतर ऑगस्टमध्ये लोक फोन करतात आणि उत्तर नाही मिळालं की चिडतात.

आता जीआयबद्दल, म्हणजे भौगोलिक मानांकनाबद्दल, कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ आहे. हापूसला २०१८ मध्ये जीआय मिळालं, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे आहेत. पण म्हणून या जिल्ह्यातल्या कोणीही उठून जीआयचा लोगो लावायचा असं नसतं, अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली वेगळी नोंदणी करावी लागते आणि त्याला बागेची नोंद असलेला सातबारा लागतो. नोंदणी झाली की नंबर पेजवर वरतीच टाका. देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ पासून फळावर लावायचे कोडवाले स्टिकर सुरू केलेत, ते घेत असाल तर कोड कसा तपासायचा हे गिऱ्हाईकाला एका छोट्या व्हिडिओत दाखवा. सातबाऱ्याचा अख्खा फोटो मात्र नेटवर टाकू नका, त्यावर घरातल्या सगळ्यांची नावं आणि गट नंबर असतात.

फोटो स्वतःच्याच बागेचे. नेटवरून उचललेला फोटो लोक गुगल लेन्सवर टाकून दोन मिनिटात ओळखतात. झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) देठासकट काढलेला आंबा, पिकवायला पेंढ्यात लावलेली अढी, तराजूवर ठेवलेलं फळ ज्यात ग्रॅमचा आकडा दिसतोय, असे साधे मोबाईलवरचे फोटो आमच्याकडे सगळ्यात जास्त चालले. आंबा कसा पिकवता हेही स्पष्ट लिहा. कार्बाइडवर कायद्याने बंदी आहे हे बऱ्याच जणांना माहीत असतं आणि ते हमखास विचारतात.

व्हॉट्सॲप बिझनेसला वेगळं सिम घ्या. कॅटलॉगमध्ये डझनाचा भाव, फळाचं वजन, पोचवायचा खर्च आणि माल कधीपासून निघणार हे चारही पाहिजे, ‘रेटसाठी मेसेज करा’ असं लिहिलं की निम्मे लोक तिथूनच परत जातात. ब्रॉडकास्ट लिस्टवरचा मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, म्हणून पहिल्या ऑर्डरलाच नंबर सेव्ह करायला सांगा. न विचारता ग्रुपमध्ये कोणाला ओढू नका.

वेबसाइट एका पानाची पुरते, पण डोमेन (साइटचा पत्ता) स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या ईमेलवर घ्या. आमचं साइट बनवणाऱ्याच्या नावावर होतं, तो फोन उचलेना, मुदत संपली आणि नाव गेलं. जुन्या खोक्यांवर तोच पत्ता छापलेला होता, ते सगळे वाया गेले. खूप जिवाला लागलं तेव्हा.

रिव्ह्यू. डिस्काउंट देऊन रिव्ह्यू घ्यायचे नाहीत, गुगलला ते चालत नाही आणि एकसारखी दहा वाक्यं वाचून गिऱ्हाईकालाही कळतं. पेटी पोचल्यावर आठ-दहा दिवसांनी, आंबा पिकून खाऊन झाला की मग लिंक पाठवा. वाईट रिव्ह्यू येणारच, कारण साका, म्हणजे आतला गर खराब होणं, बाहेरून दिसत नाही, कितीही पारखून भरा एखादं फळ निघतंच. आम्हाला कापलेल्या आंब्याच्या फोटोसकट एक स्टार आला होता. तिथेच सगळ्यांसमोर लिहिलं की हा साका आहे, तो कशाने होतो, आणि जेवढी फळं निघाली तेवढ्यांचे पैसे आज परत करतो. केलेही. त्यानंतर किती तरी जणांनी ऑर्डर देताना सांगितलं की तो रिव्ह्यू वाचला म्हणून तुमच्याकडे आलो. आता साक्याचा नियम आम्ही कॅटलॉगमध्येच लिहितो, कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, त्या फळाचे पैसे परत.

हे सगळं मोहोर येण्याआधी उरका. फेब्रुवारीत भाव विचारायला फोन सुरू होतात आणि एकदा काढणी लागली की मोबाईल हातात घ्यायलासुद्धा वेळ मिळत नाही.