गाडी-धुलाईच्या ऑटोमॅटिक मशीनवर काम शिकायचं असेल तर

सांगली-मिरजेकडची आयटीआय झालेली मुलं ही मशीन बसवायच्या आणि दुरुस्त करायच्या कामाची चौकशी करायला येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "दादा, पीएलसी कितपत यायला लागतं?" पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा कंट्रोलर-कॉम्प्युटर, यायला पाहिजेच. पण आपल्या भागात तक्रारी निघतात त्या बहुतेक पाण्यामुळे आणि मातीमुळे. म्हणून माझ्याबरोबर येणाऱ्या नव्या मुलाच्या हातात मी लॅपटॉपच्या आधी टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र, देतो.

मशीन समजायला अवघड नाही. रोलओव्हर म्हणजे गाडी जागेवर उभी, आणि कमानीसारखा सांगाडा रुळांवरून मागे-पुढे फिरतो. दोन उभे ब्रश बाजू घासतात, आडवा ब्रश बॉनेट, टप आणि मागची काच. गाडीभोवती फिरणाऱ्या ब्रशांची ही कल्पना 1962 साली जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये पेटंट झाली. टनेलमध्ये उलट असतं, कन्व्हेयर गाडीला ओढत नेतो. दिवसभर गाड्यांची रांग असेल तरच ते परवडतं. टचलेसमध्ये ब्रशच नसतो, सगळी मदार फोम आणि प्रेशरवर. बस-ट्रकसाठी दोन उभ्या ब्रशांमधून ड्रायव्हरनेच गाडी सावकाश काढायची.

नवीन मुलाने आधी समजून घ्यावी ती ब्रशच्या दाबाची गोष्ट. ब्रश गाडीला टेकला की मोटरवर लोड येतो, करंट वाढतो, आणि बऱ्याच मशीनमध्ये त्या करंटवरूनच कंट्रोलर ठरवतो की ब्रश आणखी आत घ्यायचा की मागे. आता विचार करा, बेअरिंग जाम होत आलंय. ब्रश मोकळा फिरतानाच करंट जास्त येतो. कंट्रोलरला वाटतं गाडी लागली, आणि ब्रश गाडीला न टेकताच मागे सरतो. मालक फोन करतो, "मशीन चालतंय, पण गाडी स्वच्छ निघत नाही." अशा वेळी प्रोग्रॅम उघडू नका. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर) लावून ब्रशचा मोकळा करंट घ्या आणि मशीन बसवतानाच्या नोंदीशी ताडून बघा. ही नोंद पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवायची सवय लावा.

आता पाणी. सांगली जिल्ह्यात नदीकाठच्या बागायतीत क्षारपड जमीन किती आहे ते शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको. बोअरचं पाणी तसंच जड. ते तापलेल्या पत्र्यावर वाळलं की पांढरे डाग, नोझलच्या तोंडाशी वाळलं की धार फाकते, आणि सेन्सरच्या काचेवर वाळलं की मशीन आंधळं होतं. तासगाव रस्त्याला एका सेंटरवर सांगाडा मध्येच थांबायचा. तिथल्या माणसाने सांगितलं, "पीएलसी गेलाय म्हणत्यात, नवा मागवलाय." मी फोटो-सेन्सरच्या काचेवरून बोट फिरवलं, तर खरखरीत लागलं. क्षाराचा पातळ थर बसला होता. पाण्यात थोडं सायट्रिक अॅसिड घेऊन मऊ कापडाने पुसलं, प्रकाश पाठवणारा आणि घेणारा असे सेन्सरचे दोन्ही डोळे समोरासमोर आणले, इनपुटचा दिवा लागला आणि मशीन चालू झालं. पीएलसी खोक्यातच राहिला.

सॉफ्टनर आणि आरओ यांतला फरकही पक्का करा, कारण गिऱ्हाईक इथेच फसतं. सॉफ्टनरमधलं रेझिन कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम देतं, आणि मिठाच्या पाण्याने ते पुन्हा ताजं करावं लागतं. त्याने नोझल वाचतात, शॅम्पूला फेस चांगला येतो. पण टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. म्हणून सॉफ्टनरनंतरही डाग दिसले तर तो बिघडला असं समजू नका. डाग नको असतील तर शेवटचा हात आरओच्या पाण्याचाच पाहिजे.

मातीचंही तसंच. आपली काळी माती वाळली की चिकटून बसते, आणि तिच्यात वाळूचे कण असतात. ती आधी प्रेशरने न उतरवता ब्रश फिरवला तर पेंटवर गोल ओरखडे उठतात. उसाच्या हंगामात शेतातून थेट आलेली बोलेरो किंवा पिकअप असेल, तर आधी हाताने जेट मारायचा, हे मालकाला ठामपणे सांगा. धुतल्यावर खालून डिझेल मारायची जुनी पद्धत अजून काही ठिकाणी आहे. त्याने रबरी बुश फुगतात आणि पाणी पुन्हा वापरायच्या टाकीत तेल जातं. तेलाचा सापळा आणि गाळाची टाकी नीट नसेल तर ते सगळं शेवटी ओढ्यात, म्हणजे कृष्णेत. मला हे मनापासून खटकतं, आणि तुम्हालाही खटकलं पाहिजे.

गाडी आत घेण्याआधी एक फेरी मारा. आरसे मिटा, अँटेना काढा, टपावरचा कॅरियर असेल तर आडवा ब्रश बंद. बंपरला बांधलेलं लिंबू-मिरची सोडवून मालकाच्या हातात द्या. ती तार ब्रशमध्ये गुंतली की ब्रशचे केस कापून काढावे लागतात.

विजेचं थोडक्यात सांगतो. ट्रान्सफॉर्मरवर काम झाल्यावर फेज उलटे झाले, तर व्हीएफडीवरच्या (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हवरच्या) मोटरला फरक पडत नाही. पण थेट स्टार्टरवरचा ब्लोअर उलटा फिरतो. हवा त्याच बाजूने येते, फक्त जोर जातो, म्हणून पटकन लक्षात येत नाही. ओल्या जागेत 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग याला तडजोड नाही. सांगलीत नदीकडच्या भागात साइट बघायला गेलात, तर 2019 ला पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते शेजारच्या दुकानदाराला विचारा, आणि पॅनेल त्याच्या वर बसवा.

प्रेशरची मात्र भीती हवी. शंभर किलो प्रेशरच्या धारेपुढे बोट आलं तर वरून फक्त टाचणीएवढं भोक दिसतं, पण पाणी आणि केमिकल आत मांसात शिरलेलं असतं. दुखत नसलं तरी तडक दवाखान्यात जायचं आणि "हाय प्रेशरचं पाणी आत गेलंय" असं डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. नोझल काढण्याआधी पंप बंद, मेन स्विचला कुलूप, आणि गन दाबून पाइपातलं प्रेशर सोडलेलं.

इलेक्ट्रिशियन, फिटर, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, कुठल्याही ट्रेडवरून यात येता येतं. अप्रेंटिसशिप मिळत असेल तर सोडू नका. कंपनी निवडताना पगाराबरोबर एवढं विचारा : मशीन बसवायला बरोबर नेणार का, की फक्त तक्रारींवर पाठवणार? उभारणीत असलात तर रूळ लेव्हलला घेण्यापासून पहिली गाडी धुण्यापर्यंत सगळं डोळ्यांखालून जातं. शक्य असेल तर सुरुवातीचे महिने एखाद्या चालू सेंटरवर ऑपरेटर म्हणूनच काढा. पंपाचा नेहमीचा आवाज कानात बसला की सील गळायला लागल्याचं गेजच्या आधी कळतं. आणि इंग्रजी मॅन्युअलमधला वायरिंगचा नकाशा रोज एक पान वाचा, बोट ठेवून, समोर खरं पॅनेल उघडं असताना.