व्हिक्टोरिया क्रॉस मागच्या बाजूने कसा वाचावा

एकोणिसाव्या शतकातील एखाद्या ब्रिटिश सैन्याधिकाऱ्याचा व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचे रणांगणावरील शौर्याचे सर्वोच्च पदक, संग्रहालयात किंवा लिलावाच्या यादीत पाहताना दर्शनी बाजूवर फार वेळ घालवू नये. मुकुटावर उभा सिंह आणि त्याखाली 'फॉर व्हॅलर' (शौर्यासाठी) ही अक्षरे प्रत्येक क्रॉसवर सारखीच असतात. वाचण्याजोगे ते सारे पाठीवर असते, म्हणून तिचे छायाचित्र आवर्जून मागावे.

मागे मधल्या वर्तुळात पराक्रमाची तारीख कोरलेली असते, तर ज्या आडव्या पट्टीला फीत लावतात तिच्या मागे हुद्दा, नाव आणि पलटण. मोहिमांची पदके हाताळलेली माणसे सवयीने कडेवर नाव शोधतात आणि फसतात. ही तारीख 'लंडन गॅझेट' या सरकारी राजपत्रातील घोषणेची नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

इराणातील खुशाबच्या लढाईत, ८ फेब्रुवारी १८५७ रोजी, थर्ड बॉम्बे लाइट कॅव्हलरीचा लेफ्टनंट आर्थर मूर घोड्यासह शत्रूच्या चौकोनी व्यूहात घुसला. घोडा मेला, तलवार मोडली. तेव्हा लेफ्टनंट जॉन माल्कमसन मागे वळला आणि त्याला आपल्या रिकिबीचा आधार देऊन बाहेर घेऊन आला. दोघांनाही क्रॉस मिळाला, घोषणा मात्र १८६० साली झाली. पराक्रमाचा दिवस एकच असल्याने अशा जोडीत कोणता क्रॉस कोणाचा, हे पट्टीच सांगते. (हाच रिसाला पुढे १९२१ च्या विलीनीकरणातून पूना हॉर्समध्ये सामील झाला.)

कंपनी सरकारच्या फौजेतील अधिकारी ऑक्टोबर १८५७ च्या आदेशाने या सन्मानास पात्र ठरले. तरीही त्याआधीची तारीख दिसली म्हणून क्रॉस खोटा समजू नये, कारण कंपनीच्याच फौजेतील मूरचे उदाहरण समोरच आहे. उलट एकोणिसाव्या शतकातील तारखेसोबत भारतीय शिपायाचे नाव कोरलेले असेल, तर तो निःसंशय बनावट मानावा, कारण भारतीय सैनिकांना ही पात्रता १९११ साली मिळाली.

लष्कराची फीत गडद लाल असे. निळी फीत १९१८ पर्यंत आरमाराची होती. पण फीत केव्हाही बदलता येते, त्यामुळे केवळ तिच्यावरून निवाडा करू नये. क्रिमियन युद्धात सेव्हास्तोपोलला जिंकलेल्या रशियन तोफांच्या धातूपासून हे क्रॉस बनतात, ही कथाही पुरावा म्हणून धरू नये, कारण तपासणीत काही क्रॉसचा धातू चिनी तोफांचा असावा असे आढळले आहे. त्याऐवजी भिंग घेऊन सिंहाची आयाळ पाहावी: ओतीव क्रॉसवर कारागीर छिन्नीने हात फिरवत असल्याने तिथल्या रेषा धारदार असतात, आणि अस्सल क्रॉसचा साचा घेऊन काढलेल्या नकलेत त्या बोथट होतात.